इन्व्हर्टरचे मॉस्फेट का उडतात, जरा तेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मध्ये घरच्या घरी ३०० वॅटचा इन्व्हर्टर बनवायचा लेख आला होता, अर्धं पान, वर सर्किटची आकृती पण. लेख आला त्याचा मला आनंदच झाला, उगाच नावं ठेवायला लिहीत नाहीये, कारण आजकाल पेपरात रेझिस्टरचं चित्र दिसणंच मुश्कील झालंय. पण त्या लेखानंतर महिन्याभरात माझ्या दुकानात सात जण जळालेलं सर्किट घेऊन आले आणि साती जणांचं दुखणं एकच, म्हणून म्हटलं आता लिहायलाच पाहिजे. मी बार्शीत बरीच वर्षं रेडिओ-टीव्ही-यूपीएस दुरुस्तीचं दुकान चालवतो, लेखक बिखक नाही, त्यामुळे भाषा सांभाळून घ्या.

लेखात ट्रान्सफॉर्मर १२-०-१२, मधली वायर बॅटरीच्या प्लसला, दोन टोकं दोन बाजूच्या मॉस्फेटच्या ड्रेनला, सोर्स मायनसला, सगळं बरोबर आहे. (मॉस्फेट म्हणजे बॅटरीचा करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, त्याचे तीन पाय, ड्रेन, सोर्स आणि गेट, गेटला व्होल्टेज दिला की ड्रेन-सोर्समधून करंट जातो.) ५० हर्ट्झसाठी सीडी ४०४७ ही आयसी, तिच्या १० आणि ११ नंबरच्या पायावरून आलटून पालटून आउटपुट, हे पण बरोबर. आणि मग गेटच्या बाबतीत काय लिहिलंय तर एकच ओळ, की हे दोन पाय रेझिस्टरमधून मॉस्फेटच्या गेटला जोडा. संपलं. आणि सगळ्यात खाली टीप, की मॉस्फेट जास्त तापत असतील तर प्रत्येक बाजूला अजून दोन-दोन पॅरलल लावा. ह्या शेवटच्या वाक्याने सात जणांचे किमान पन्नास मॉस्फेट खाल्ले असतील, मी मोजले नाहीत पण डबा भरला तेवढा मला दिसतोय.

पहिला पोरगा आला तो पॉलिटेक्निकचा, दुसऱ्या वर्षाचा. "काका, दुकानदाराने डुप्लिकेट माल दिला, तीनदा बदलले तरी उडतात." मी म्हटलं आण इकडे. पोराचं काम नीटनेटकं होतं हे कबूल करतो, हीटसिंक मोठा, मधे अभ्रकाची चकती, सोल्डर चकचकीत. एका बाजूला चार आयआरएफ ३२०५ नंबरचे मॉस्फेट, दुसऱ्या बाजूला चार, आणि आठांना पोसायला ती एकटी ४०४७. मी विचारलं आधी कितीवर चालत होता, तर म्हणाला एकेक आयआरएफझेड ४४ लावला होता तेव्हा ४० वॅटचा बल्ब मस्त चालायचा, थोडं गरम व्हायचं, मग टीव्ही लावला तर जास्त तापायला लागलं म्हणून पेपरात लिहिल्याप्रमाणे वाढवले, आणि वाढवले त्या दिवशी अर्ध्या मिनिटात धूर.

आता इथे गंमत बघा. मॉस्फेटच्या गेटला करंट लागत नाही असं सगळी पुस्तकं सांगतात, आणि ते एका अर्थी खरं आहे, एकदा गेट भरलं की करंट लागत नाही. पण भरायला लागतो ना! गेट म्हणजे आत एक छोटा कपॅसिटरच आहे, तो भरल्याशिवाय मॉस्फेट पूर्ण चालू होत नाही आणि रिकामा झाल्याशिवाय बंद होत नाही. कंपनीच्या डेटाशीटमध्ये ह्याचा आकडा असतो, गेट चार्ज म्हणून. झेड ४४ एन चा जास्तीत जास्त ६३ नॅनोकुलंब (विजेच्या साठ्याचं माप), आणि ३२०५ चा १४६. म्हणजे पोराने भारी मॉस्फेट घेतला तो दुपटीहून मोठी घागर घेऊन बसला, आणि तशा चार घागरी एका बाजूला, झाले ५८४. आणि नळ कुठला, तर ४०४७, जिच्या पायातून धड दोन-चार मिलिअँपिअर निघतात. तीन धरले तर घागरी भरायला १९०-१९५ मायक्रोसेकंद लागतात, सेकंदाचा पाच हजारावा भाग. ऐकायला काहीच नाही. पण तेवढा वेळ मॉस्फेट ना धड चालू ना धड बंद, आणि त्याच्यातून बॅटरीचा दणकट करंट चाललेला, सगळी उष्णता त्या मधल्या अवस्थेत तयार होते, आणि हे सेकंदाला शंभर वेळा.

त्याहून वाईट पुढे आहे. ४०४७ चे दोन पाय एकाच क्षणी पलटतात, एक वर जातो तर दुसरा खाली, मधे जराही विश्रांती नाही. पाय झटकन पलटतात पण गेट तर सावकाश चढतंय आणि दुसऱ्या बाजूचं सावकाश उतरतंय. दोन्ही एकमेकांना ओलांडतात ते साधारण सहा व्होल्टच्या आसपास, आणि हा मॉस्फेट तर दोन ते चार व्होल्टच्या मधेच जागा व्हायला लागतो (ह्यालाच थ्रेशोल्ड म्हणतात). म्हणजे दर वेळी काही क्षण दोन्ही बाजू एकदम चालू. दोन्ही बाजू एकदम चालू म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या दोन अर्ध्या वाइंडिंगमधून उलटसुलट करंट, एकाचं चुंबकत्व दुसरं खोडून टाकतं, राहते फक्त तांब्याची तार, आणि बॅटरीला काय, समोर शॉर्टच दिसतो. १५० एएचच्या ट्यूब्युलर बॅटरीला शॉर्टवर दोन-चारशे अँपिअर सोडायला कष्ट पडत नाहीत. (लेखात फ्यूजचा उल्लेखही नव्हता हे जाता जाता. गाडीत असतो तसला ४० अँपिअरचा पात्याचा फ्यूज बॅटरीच्या प्लसजवळ लावायला किती जागा लागते?)

म्हणून म्हणतो, तापतंय म्हणून पॅरलल वाढवले की घागरी वाढल्या, नळ तोच, भरायला अजून उशीर, आणि तापणं कमी व्हायच्या ऐवजी वाढतं.

पोरगा ऐकेना. म्हणाला, "काका मी मल्टीमीटरने बघितलंय, दोन्ही गेटवर ५.९ व्होल्ट येतात, आणि थ्रेशोल्ड चार व्होल्ट आहे, म्हणजे चालू होतंय ना." ह्या एका वाक्यात दोन चुका आहेत आणि दोन्ही मी स्वतः पूर्वी केलेल्या आहेत म्हणून ओळखीच्या. एक म्हणजे मल्टीमीटर डीसीवर सरासरी दाखवतो. अर्धा वेळ १२, अर्धा वेळ शून्य, सरासरी सहा. चौकोनी सुंदर तरंग असला तरी सहा, आणि डोंगरासारखा घसरगुंडीचा असला तरी सहाच्या आसपासच. ५.९ दिसलं म्हणजे आयसी जिवंत आहे आणि दोन्ही बाजूंना सारखा वेळ मिळतोय एवढंच कळलं, बाकी काही नाही. दुसरी चूक, थ्रेशोल्डचा तो चार व्होल्ट म्हणजे पूर्ण चालू नव्हे, डेटाशीटमध्ये तो २५० मायक्रोअँपिअर करंटला मोजलेला असतो, म्हणजे दार किलकिलं झालं इतकंच, आणि आपल्याला त्या दारातून लग्नाचं वऱ्हाड न्यायचंय. ते ८ मिलीओहम वगैरे जे आकडे छापलेले असतात ते गेटवर दहा व्होल्ट असताना.

मग त्याला मी एक खेळ करून दाखवला, हा तुम्ही पण छापा, मुलांना आवडेल आणि खर्च शून्य. एक चांगला मॉस्फेट घ्या, ड्रेनमध्ये गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्टचा बल्ब लावून त्याचं दुसरं टोक बॅटरीच्या प्लसला, सोर्स मायनसला, गेट मोकळं. आता एका बोटाने प्लसला हात लावून दुसऱ्या बोटाने गेटला स्पर्श करा, बल्ब पेटतो. हात काढा, बल्ब पेटलेलाच राहतो! कितीतरी वेळ. मग मायनस आणि गेटला बोटं लावा, विझतो. आपल्या कातडीतून जेमतेम मायक्रोअँपिअर जातात तरी घागर भरते, फक्त सावकाश भरते, नीट बघितलं तर बल्ब हळूहळू चढताना पण दिसतो कधी कधी, आणि त्या चढण्याच्या वेळात मॉस्फेटला हात लावा म्हणजे कळेल कुठे तापतं ते. पोराचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आणि ह्याच खेळात दुसरी गोष्ट कळते, की गेटची वायर तुटली किंवा सोल्डर सुटलं तर मॉस्फेट बंद होईल असं समजू नका, तो शेवटच्या अवस्थेत अडकून बसतो किंवा अधांतरी राहतो. म्हणून गेट आणि सोर्समध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर हवाच हवा. तुमच्या आकृतीत तो नाही.

आता दुरुस्ती कशी केली ते सांगतो, कारण नुसती टीका करून काय उपयोग.

आधी आठी मॉस्फेट काढून टाकले. हे महत्त्वाचं आहे, कारण मॉस्फेट उडतो तेव्हा बऱ्याचदा ड्रेन आणि गेट आतून एक होतात आणि ट्रान्सफॉर्मरकडचे २४-२५ व्होल्ट, वर स्पाइक (व्होल्टेजची क्षणभराची उसळी), सरळ मागे आयसीच्या पायात घुसतात. मग आयसीचा एक पाय अर्धमेला होतो, आपण नवीन मॉस्फेट लावतो, तो त्या अर्धमेल्या पायाने उडतो, आणि आपण दुकानदाराला शिव्या घालतो. ह्या पोराची ४०४७ तशीच झाली होती, १० नंबरवर ६ आणि ११ नंबरवर २.३. आयसी बदलली, खाली बेस (आयसी खोचायची पट्टी) लावून, थेट सोल्डर नाही.

ज्यांच्याकडे स्कोप (व्होल्टेजचा तरंग पडद्यावर दाखवणारं यंत्र) नाही त्यांनी आयसी अशी तपासायची. १० आणि ११ नंबरला एकेक एलईडी, १ किलोओहम लावून. ५० हर्ट्झला दोन्ही पेटलेलेच दिसतील, डोळ्याला कळत नाही, म्हणून तात्पुरता टायमिंगचा कपॅसिटर बदलून मोठा लावायचा. ४०४७ चं गणित सोपं आहे, एका पूर्ण फेरीला ४.४ गुणिले रेझिस्टर गुणिले कपॅसिटर एवढा वेळ. ०.१ मायक्रोफॅरड आणि साधारण ४५ किलोओहमला ५० हर्ट्झ येतात, तिथेच १० मायक्रो लावला की दोन सेकंदाची फेरी होते आणि एलईडी मस्त आलटून पालटून लुकलुकतात, एक विझल्याशिवाय दुसरा पेटत नाही ना ते डोळ्याने बघता येतं. फक्त तिथे साधा इलेक्ट्रोलिटिक एकटा चालत नाही, २२ मायक्रोचे दोन घेऊन मायनसला मायनस जोडायचे. आणि हे करताना ट्रान्सफॉर्मर जोडलेला नको, नाहीतर सेकंदभर सलग करंट जाऊन वाइंडिंगचा कोळसा.

मग आयसी आणि गेटच्या मधे ट्रान्झिस्टरची जोडी टाकली. (मधे आमच्या आई विचारत होत्या पेपरात ट्रान्झिस्टरचं आलंय म्हणे, आपला जुना चालू होईल का, त्यांच्यासाठी ट्रान्झिस्टर म्हणजे अजून रेडिओच.) वर बीडी १३९, खाली बीडी १४०, दोघांचे बेस एकत्र करून आयसीच्या पायाला, दोघांचे एमिटर एकत्र करून गेटकडे, १३९ चा कलेक्टर प्लसला आणि १४० चा मायनसला (बेस, एमिटर, कलेक्टर हे ट्रान्झिस्टरचे तीन पाय). अशा दोन जोड्या, दोन बाजूंना. वरचा घागर भरतो, खालचा ओततो, आयसीने फक्त इशारा करायचा. ०.६-०.७ व्होल्ट खातात दोघं पण आपल्याला चालतंय. दोन ट्रान्झिस्टर आणि सगळा खेळ बदलतो, आणि हेच लेखात नव्हतं.

पुढे प्रत्येक गेटला स्वतंत्र रेझिस्टर, चार गेट एका रेझिस्टरवर बांधायचे नाहीत, नाहीतर ते आपापसात थरथरतात आणि कुणीतरी एकजण सगळा भार घेऊन मरतो. मी ४७० ओहम लावले आणि प्रत्येकाला समांतर एक १एन ४१४८ डायोड (एकाच दिशेने करंट सोडणारा), त्याची काळी पट्टी ट्रान्झिस्टरकडे, गेटकडे नाही. काय होतं की भरताना करंट ४७० मधून जातो, सावकाश, आणि ओतताना डायोडमधून भसकन. म्हणजे बंद व्हायला घाई आणि चालू व्हायला जरा आळस, त्या आळसात दुसरी बाजू बंद होऊन गेलेली असते. काही मायक्रोसेकंदाचाच फरक पण पुरतो. ज्याला हे नीट करायचंय त्याने ४०४७ सोडून एसजी ३५२५ ही आयसी घ्यावी, तिच्या ११ आणि १४ नंबरच्या पायात अशी जोडी आतच बसवलेली आहे आणि ५ आणि ७ नंबरमधे एक छोटा रेझिस्टर टाकला की दोन्ही बाजू बंद असण्याचा वेळ वाढवता येतो. फक्त तिचा ऑसिलेटर १०० हर्ट्झला लावायचा, आउटपुटला निम्मे होतात. पोराकडे ४०४७ होती म्हणून तीच ठेवली, आधी आहे त्यात शिकू दे.

वायरिंगची एक खोड सगळ्या साती सर्किटमध्ये सारखी. सर्किटचा प्लस-मायनस ट्रान्सफॉर्मरच्या त्याच वायरीवरून घेतलेला. ३०० वॅट म्हणजे १२ व्होल्टला २५ ते ३० अँपिअर, आणि वायर कुठली तर घरात ट्यूबलाइटला वापरतो ती दीड स्क्वेअर एमएम. लोड टाकला की बॅटरीच्या तोंडावर ११.८ आणि सर्किटवर १०.४, मोजून दाखवलं त्याला. वरून ट्रान्झिस्टरचा ०.७ गेला की गेटला पोचेपर्यंत साडेनऊ-पावणेदहा, बॅटरी उतरली की अजून कमी, आणि नेमकं तेव्हाच मॉस्फेट अर्धवट चालू राहून तापतो. म्हणून मोठ्या करंटची वायर जाड आणि आखूड, आणि आयसी-ट्रान्झिस्टरसाठी वेगळी बारीक वायर थेट बॅटरीच्या टर्मिनलवरून, मधे एक १एन ४००७ डायोड आणि पुढे १००० मायक्रोचा कपॅसिटर, आयसीच्या पायाला लागून ०.१ चा सिरॅमिक. मायनस मात्र मॉस्फेटच्या सोर्सजवळून घ्यायचा, कारण गेटचा व्होल्टेज सोर्सच्या तुलनेत मोजला जातो, बॅटरीच्या नाही. हे मला कळायला स्वतःची चार वर्षं आणि बरेच मॉस्फेट लागले.

आणि हो, डुप्लिकेट मालाचं पोराचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पुण्यात पासोड्या विठोबापाशी घ्या नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला घ्या, नंबर खरवडून नवा छापलेला माल कुठेही मिळू शकतो. तपासायला तोच इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, गेट सरळ बॅटरीच्या प्लसला, बल्ब पूर्ण पेटलेला, आणि ड्रेन-सोर्सवर मल्टीमीटर मिलीव्होल्टला. करंट साधारण पावणेदोन अँपिअर असतो, खरा ३२०५ असेल तर चौदा-पंधरा मिलीव्होल्टच्या आसपास दिसतात. पोराच्या शिल्लक राहिलेल्या मॉस्फेटपैकी दोन ७० च्या वर निघाले. ते बाजूला टाकले. पण खरे होते ते पण उडालेच होते ना.

चालू करताना थेट बॅटरीला जोडायचं नाही. बॅटरीच्या प्लसमध्ये गाडीच्या हेडलाइटचा बल्ब सिरीजला. घरच्या वायरिंगसाठी आपले इलेक्ट्रिशियन सिरीज बोर्ड वापरतात तसंच हे. काही चुकलं असेल तर बल्ब लखकन पेटतो आणि मॉस्फेट वाचतात, बरोबर असेल तर बल्ब जेमतेम लालसर होतो किंवा होतच नाही. पोराच्या सर्किटला बल्ब नुसता मिणमिणला. त्याने हीटसिंकला हात लावला तो काढेचना, थंडगार. मग माझ्याकडचा हातात मावेल एवढा किटचा स्कोप लावला, गेटवर कोपरे काटकोनात, आधी काढलेला फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता तो शेजारी धरला, तिथे नुसते पावसाळ्यातले डोंगर. आता एका बाजूला दोनच ३२०५ ठेवलेत, चारची गरजच नव्हती, दोनशे वॅटचा लोड दोन तास चालवून बघितला, हीटसिंक कोमट.

तर संपादक साहेब, विनंती एवढीच, पुढच्या एखाद्या रविवारी चार इंचाची का होईना दुरुस्ती छापा. गेट-सोर्समध्ये १० किलोओहम, आयसीनंतर १३९-१४० ची जोडी, प्रत्येक गेटला वेगळा रेझिस्टर आणि डायोड, बॅटरीजवळ फ्यूज, आणि ती पॅरललची टीप काढून टाका. आकृती मी हाताने काढून सोबत जोडली आहे, नीट नसेल तर तुमच्याकडचे कुणी पुन्हा काढतील.

आपला वाचक,
एक रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाला, बार्शी

ता. क. : लेखात शेवटी लिहिलंय की दोन्ही टोकांना टू-पिन लावलेली वायर करून इन्व्हर्टरचं आउटपुट भिंतीवरच्या सॉकेटात घाला म्हणजे अख्ख्या घरात लाइट येते, मेन स्विच आठवणीने बंद ठेवा. हे कृपा करून ताबडतोब मागे घ्या. आठवण राहिली नाही तर तोच करंट मीटरमधून उलटा खांबावर जातो, आणि लाइट गेलेली असते तेव्हाच वायरमन खांबावर असतो. शिवाय त्या वायरचं एक टोक सॉकेटात आणि दुसरं मोकळं राहिलं तर उघड्या पिनांवर २३० व्होल्ट, घरात लहान मूल असलं तर विचार करा. चेंजओव्हर स्विच (एका वेळी मेन किंवा इन्व्हर्टर, एकच काहीतरी जोडणारा) मिळतो तो लावा नाहीतर सरळ एक्स्टेंशन बोर्ड काढून दोन बल्ब आणि एक टीव्ही त्यावर चालवा. सातातल्या दोघांनी तसली वायर बनवलेली होती, दोन्ही माझ्या दुकानात कापून ठेवल्यात.